दुसऱ्या खंडपीठापुढे

गाडीला साधा हिसकासुद्धा बसला नाही. मसील खानला पुढे दिवसभर याचंच नवल वाटत राहिलं. बंगल्याच्या फाटकातून गाडी नेहमीसारखी बाहेर पडली, पुढे पोलिसांची जीप होती, ती वळणावर चिनाराच्या झाडाशी जरा मंदावली, आणि झाडामागून एक म्हातारी पुढे आली. तिने डोक्यावरची चादर ओढून काढली आणि कपडा वाळत घालताना झटकतात तशी झटकून रस्त्यावर पसरली. गावाकडच्या बायका कपाळापासून गुडघ्यांपर्यंत लपेटून घेतात तसली मोठी पांढरी चादर होती ती. तिचे उघडे केस मसील खानला दिसले, त्यांतली मेंदी उतरत आलेली दिसली, मधोमध पाडलेला भांग दिसला. एवढं सगळं बघायला वेळ मिळाला आणि ‘थांब’ म्हणायला मिळाला नाही. इख्तियारने, म्हणजे ड्रायव्हरने, बाईला चुकवून गाडी डावीकडे घेतली आणि चादरीवरून नेली. रस्त्यात कुणी आडवं आलं तर थांबायचं नाही, हा बॉम्बस्फोटांच्या दिवसांपासूनचा नियम होता आणि इख्तियारला तो पक्का शिकवलेला होता. कापडावरून चाक गेलं तर आत बसलेल्याला काय कळणार? तरी मसील खान पायांच्या तळव्यांनी वाट बघत राहिला, की आता काहीतरी जाणवेल.

पुढच्या नाक्यावर गाडी थांबवावीच लागली, कारण चादरीचं टोक चाकात गुंडाळलं गेलं होतं. दोन शिपाई उकिडवे बसून ते ओढायला लागले. कापड फाटल्याचा आवाज मात्र स्पष्ट आला. जीपमधला जमादार खिडकीशी येऊन खालमानेने उभा राहिला. मसील खानने काच खाली केली आणि विचारलं, “कोण होती?”

विचारायला नको होतं. वकिली आणि न्यायाधीशी मिळून अख्खं आयुष्य त्याने कोणता प्रश्न कधी विचारू नये हेच शिकण्यात घालवलं होतं. गप्प बसला असता तर ती कुणीतरी म्हातारी राहिली असती. पेशावरात अशा म्हाताऱ्या काय थोड्या आहेत?

“मरजाना नाव तिचं, साहेब. झरवलीची आई,” जमादार म्हणाला. “तो फाशीवाला पोरगा. आज निकाल आहे ना साहेब त्याचा, तुमच्याकडे.” तो जरा घुटमळला. “आधी मयताच्या दारात गेली होती म्हणे, चादर घेऊन. त्यांनी दारच उघडलं नाही. मग इकडं आली.”

“लागलं का तिला कुठं?”

“नाही साहेब. कडेला बसलीय, उघड्या डोक्यानं. माझी शाल दिली तिला.”

गाडी पुन्हा निघाली. इख्तियार आरशात बघायचं टाळत होता. तो म्हणाला, “साहेब, मी थांबायला पाहिजे होतं.”

“तू नियमाप्रमाणे केलंस.”

“नियम बरोबर आहे साहेब. पण घरी बायको विचारेल, आज काय झालं. तिला काय सांगू?”

 आपल्या घरी आपल्याला असं कुणी विचारणार नाही, एवढंच मसील खानच्या मनात आलं, आणि त्याचं त्याला बरं वाटलं की वाईट, हे त्याने तपासलं नाही.

यात पश्तून माणसाला समजावून सांगण्यासारखं काही नाही. बाईने डोक्यावरची चादर तुमच्या पायाशी टाकली की विषय संपला. ती उचलायची, परत तिच्या डोक्यावर घालायची आणि ती जे मागेल ते द्यायचं, मग तिने तुमच्या पोराच्या खुन्यासाठी माफी का मागेना. चादर न उचलणारीही माणसं असतात. लोक त्यांच्याशी बोलतात, व्यवहार करतात, फक्त त्यांच्या घरात मुलगी देत नाहीत. चादर तुडवून जाणाऱ्याला काय म्हणायचं, हे मात्र मसील खानने आजवर कुठल्या पंचायतीत ऐकलं नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती. कोर्टाच्या वाटेवर दुकानांच्या फळ्या निघत होत्या, तंदूरवाल्याच्या पुढे नानसाठी माणसं उभी होती, आणि मसील खानच्या डोक्यात सारखं एकच येत होतं, की ही बाई चुकली. चादर टाकतात ती शत्रूच्या पायाशी. तिने आपल्याला शत्रू समजलं. आणि आपण तर तिच्या पोराला काल संध्याकाळीच सोडून दिलं आहे.

खरंच सोडून दिलं होतं. खालच्या कोर्टाच्या फाशीविरुद्ध केलेल्या अपिलाचा निकाल टाइप होऊन त्याच्या टेबलावर पडला होता, फक्त दोन सह्या व्हायच्या होत्या. खटला अगदी पोकळ होता. साक्षीदार काय तो एकच, मयताचा चुलतभाऊ, आणि त्याने म्हणे अंधारात मशिदीच्या दिव्याच्या उजेडात झरवलीला ओळखलं. तो दिवा गावातल्या कुणालाच आठवत नव्हता. जागेवर सापडलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या ठाणेदाराने तपासणीला पाठवल्याच नाहीत, पिस्तूल सापडेपर्यंत कपाटात ठेवल्या, आणि मग पिस्तूल नि पुंगळ्या एकाच पुडक्यातून धाडल्या. मग त्या जुळल्या यात नवल ते काय? पिस्तूल हातात आल्यावर त्यातून हव्या तेवढ्या पुंगळ्या पाडता येतात. वकिली करत होता तेव्हा अशा एका पुडक्यावर मसील खानने कितीतरी माणसं फाशीच्या दोरातून खाली उतरवली होती. झरवली निर्दोष आहे का, हे त्याला ठाऊक नव्हतं. पण गुन्हा शाबीत झालेला नाही, हे तो झोपेतही सांगू शकला असता. सोबतचे न्यायमूर्ती कमर यांचंही तेच मत होतं. ते पोरगं ऐन जवानीतली वर्षं फाशीकोठडीत काढून आज संध्याकाळपर्यंत बाहेर पडणार होतं. त्याच्या आईने आजची सकाळ घरी बसून काढली असती तरी पुरे होतं.

आता मात्र तेच कागद वेगळे झाले. सही केली तर ती कशाखाली केली, पुंगळ्यांखाली की चादरीखाली? लोकांचं सोडा, आपल्याला तरी सांगता येईल का? या ठिकाणी मसील खानचं मन अडलं, आणि अडलं तिथून ते मागे गेलं, नेहमी जायचं तिथेच, चारसद्द्याच्या पलीकडे उसाच्या पट्ट्यातल्या त्या गावात, त्या गल्लीत.

तेव्हा त्याचे वडील वारलेले होते. काकाने पाण्याच्या पाळीवरून शेजारच्या घराण्यातला एक तरुण मारला आणि तो डोंगरापलीकडे पळून गेला. बदल्यासाठी आता या घरातला एक पुरुष जायला हवा होता, आणि घरात पुरुष म्हणावा असा एकच उरला होता, लाला, म्हणजे मसीलचा थोरला भाऊ, ज्याला अजून मिसरूडही फुटलं नव्हतं. पंचांनी सांगितलं, बाईला पाठवा. मग अदे, आईला ते अदेच म्हणत, भर दिवसा घराबाहेर पडली. डोक्यावर चादर नव्हती, कुराण होतं. हाताशी मसील होता. उन्हाळा होता, गुऱ्हाळं बंद होती, आणि तरीही गल्लीला उसाच्या चोथ्याचा आंबूस वास येत होता. तो वास त्याला अजून कुठेही येतो, कधी कोर्टात, कधी न्हाणीघरात. गल्लीतल्या पुरुषांनी माना भिंतीकडे वळवल्या होत्या, ते रीतीला धरूनच होतं, पण ते वळण्याआधी बघून घेत होते. शत्रूच्या दारातला म्हातारा बाहेर आला, त्याने आपल्या खांद्यावरची शाल अदेच्या डोक्यावर घातली आणि म्हणाला, ही आजपासून आमची बहीण. मेंढा कापला. सगळे जेवले. लाला वाचला. एवढं सगळं चांगलं झालं, कुणाला नाव ठेवायला जागा नाही.

पण अदे त्यानंतर त्या गल्लीने कधी गेली नाही. आणि आणखी एक गोष्ट झाली, जी मसीलने कुणालाच सांगितली नाही, अगदी बायकोलाही नाही. लाला समोर आला की अदे चादर कपाळावर पुढे ओढून घ्यायची, पोटच्या पोरापुढे. लालाच्या ते लक्षात आलं होतं की नाही देव जाणे. एकदा चुलीपुढे मक्याची भाकरी थापताना ती मसीलला म्हणाली होती, “माफ केलं त्यांनी. चांगली माणसं आहेत. पण माझे केस सगळ्या गावानं बघितले रे.” मग म्हणाली, “तू शीक.” शिकून वकील हो, कायद्याचं राज्य आण, म्हणजे बायकांना दारोदार जावं लागणार नाही, असलं काही ती म्हणाली नव्हती. तिला कायदा कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. हे सगळं मसील खानने नंतर तिच्या तोंडी घातलं, आधी स्वतःशी, मग वकिलांच्या बारच्या सत्कारांतल्या भाषणांत, आणि सांगून सांगून आता ते त्याला तिच्या आवाजात ऐकू यायचं.

वकिली मात्र त्याने त्याच जिद्दीने केली. त्याच्या कचेरीत एकदा एक बाई आली होती, डोंगराकडची, जिच्या नवऱ्याला खोट्या खुनात गोवलं होतं. तिने टेबलाच्या पायाशी चादर टाकली तेव्हा मसील खान खुर्चीतून उठला, वाकला, चादर उचलून तिच्या हातात दिली आणि म्हणाला, “घे ही डोक्यावर, बहिणी. हिची गरज नाही. तुझी बाजू खरी आहे.” आणि त्याने तिच्या नवऱ्याला सोडवला, साक्षीदाराला उलटतपासणीत असा सोलला की सरकारी वकील पाणी प्यायला बाहेर गेला. आयुष्यात पुन्हा कधी तो इतका सुखी झाला नाही. त्या दिवशी त्याला वाटलं होतं, गल्लीतून अदेला परत घरी आणलं.

मग तो न्यायाधीश झाला, आणि शपथ घेतली त्याच आठवड्यात गावी जाऊन त्याने हुजऱ्याला कुलूप घातलं. हुजरा म्हणजे घराची बाहेरची बैठक, वाटसरूपासून वैऱ्यापर्यंत कुणीही यावं, खाटेवर टेकावं, हिरवा चहा प्यावा. आजोबांच्या आधीपासून तो एक दिवस बंद नव्हता. पण आज चहा पिऊन जाणारा उद्या आपल्यापुढे पक्षकार म्हणून उभा राहणार, हे मसील खानला दिसत होतं. लाला कुलपाकडे बघत म्हणाला होता, “वकील होतास तोवर माणसात होतास.” लोकांनी महिनोन्महिने चेष्टा केली. कुणी म्हणे, मसील खानकडे जायचं तर अर्ज करावा लागतो, आणि मंजूर झाला की तो भेटत नाही. मसील खानला त्याचं काही वाटलं नाही, उलट जरा अभिमानच वाटला. गुळाची ढेप आली, परत पाठवली. मेव्हण्याच्या मुलाचं लग्न आलं, गेला नाही. त्याचं सोवळं इतकं कडक झालं की घरातलीसुद्धा जरा लांबून वावरू लागली. या प्रांतात दोनच गोष्टी वाकत नाहीत, एक डोंगर आणि दुसरा मसील खान, असं बारमध्ये म्हणत, आणि तो हे ऐकून न ऐकल्यासारखं करी. पण ऐकत असे.

चेंबरमध्ये न्यायमूर्ती कमर चहात खारी बुडवून खात बसले होते. ते शहरातलेच, किस्साखानी बाजाराच्या मागल्या बोळातले, हिंदको बोलणारे, आणि पठाणांच्या रीतींकडे शेजाऱ्याच्या घरातल्या भांडणाकडे बघावं तसं बघणारे. त्यांच्यापर्यंत बातमी पोचली होती.

“सही करा आणि मोकळे व्हा, खानसाहेब,” ते म्हणाले. “काल ज्या पुंगळ्या होत्या त्याच आज आहेत. मध्ये चादर आली म्हणून त्यांचं काय बदललं?”

“लोक म्हणतील, चादरीवर सोडला.”

“म्हणू देत. लोकांना दुसरा उद्योग काय?”

“मयताची माणसं म्हणतील. पुराव्यावर सुटला असता तर गप्प बसले असते कदाचित. चादरीवर सुटला म्हटलं की त्याला आठवडाभर जगू देणार नाहीत.”

हा मुद्दा बोलता बोलताच सुचला होता, आणि इतका बिनचूक आयता सुचला होता की मसील खानला स्वतःचाच संशय आला. वकिलीत असं व्हायचं. बाजू लंगडी असली की मुद्दे भराभर सुचायचे.

कमर यांनी कप खाली ठेवला. “हे तुम्ही त्या पोरासाठी बोलताय की स्वतःसाठी?”

“मी यातून अंग काढून घेणार आहे.”

“म्हणजे प्रकरण झाहिदुल्लांकडे जाणार. दुसरं फौजदारी खंडपीठ आहे कुठं आपल्याकडे? त्यांच्यापुढून कुणी सुटून घरी गेल्याचं मला आठवत नाही. तुम्हाला आठवतं का?”

“कायदा त्यांनाही तोच आहे.”

“हो, कायदा तोच आहे,” कमर म्हणाले. “पुंगळ्याही त्याच राहतील. वाचणारा तेवढा दुसरा.” त्यांनी उरलेली खारी तोंडात टाकली आणि हात झटकले. “तुम्ही थोरले आहात. तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर त्या बाईनं तुमच्या गाडीखाली चादर टाकली आणि तुम्ही तिचं पोरगंच टाकताय.”

मसील खानने झगा चढवला. गळपट्टी बांधायला घेतली. तेवढ्यात लालाचा फोन आला. लाला वर्षावर्षात फोन करत नसे.

“बाईची चादर गाडीखाली घातलीस?” लाला म्हणाला. ना सलाम, ना दुवा.

“घातली नाही लाला. झालं तसं.”

“कुणीतरी मोबाइलवर काढलंय. इथं मशिदीबाहेर एकमेकाला दाखवतायत. मी मान खाली घालून घरी आलो.” पलीकडे लालाचा दम लागलेला ऐकू येत होता. “हे बघ, अजून वेळ गेली नाही. पोराला सोड. आजच. म्हणजे लोक म्हणतील, गाडी ड्रायव्हरनं घातली, पण खानानं चादर राखली.”

“मी कोर्टात आहे. तू हे बोललास आणि मी ऐकलं, हेसुद्धा चुकीचं आहे.”

“तू कधी ऐकलंयस? हुजरा बंद केलास तेव्हा सगळं गाव सांगत होतं, ऐकलंस?”  मग लाला अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “मसील, मी कशामुळे जिवंत आहे ते तुला ठाऊक आहे. तू तिथं होतास. तुझ्या कायद्यामुळे नाही जगलो मी.”

मसील खानने फोन ठेवला. लालाला सांगावंसं वाटलं, की तू जगलास आणि अदे तुझ्यापुढे आयुष्यभर तोंड झाकून वावरली, तो हिशेब कुणी केला? पण असं बोलायचं नसतं, आणि बोलून उपयोगही नव्हता, कारण अदेला विचारलं असतं तर ती पुन्हा गेली असती. पुन्हा पुन्हा गेली असती. खरी गोम तिथेच होती आणि मसील खानला ती आज पहिल्यांदा दिसली, अर्धवट. ज्या गोष्टीची त्याला जन्मभर शिसारी होती तिनेच त्याच्या घरात माणूस वाचवला होता. आणि ज्या गोष्टीवर त्याचा जन्मभर विश्वास होता, ती त्याच्या टेबलावर टाइप होऊन पडली होती आणि तिच्यावर सही करायला त्याचा हात उचलत नव्हता. इख्तियारला वाटत होतं पोरगं सुटावं. जमादाराला वाटत होतं. कमर कायद्याने तेच सांगत होते, लाला रीतीने तेच सांगत होता. सगळी दुनिया त्याला सांगत होती की तुला जे करायचं आहे तेच कर, आणि नेमकं म्हणूनच त्याला ते करता येईना. कुणाच्या सांगण्यावरून न वाकणं याची त्याला इतकी सवय झाली होती, की सगळ्यांनी योग्य बाजूला ओढलं तरी तो आपला उलट्या बाजूला ताठ. त्याला भीती वाटत होती. ती त्याने नीट ओळखली. झरवलीच्या जिवाची नव्हती. बारच्या खोलीत चहाच्या कपांवरून उद्या कुणीतरी हसत म्हणेल, शेवटी खानही चादरीपुढे वाकलाच, या एका वाक्याची होती. एवढ्याशा वाक्याची. त्याला लाज वाटली, खूप लाज वाटली, आणि लाज वाटत असतानाच तो उठून दालनाकडे चालू लागला.

दालन खचाखच भरलं होतं. पहिल्या बाकावर मयताचा भाऊ बसला होता, दाढी विंचरलेला, हात मांडीवर ठेवलेला, जनाज्याला बसतात तसा. झरवलीचा वकील, मुर्तजा नावाचा तरुण, आधीच उभा होता. पोरगं हुशार होतं. युक्तिवादाच्या दिवशी पुंगळ्यांचा मुद्दा येताच मसील खानची लेखणी कशी थांबली, हे त्याने टिपलं होतं, आणि आज तो जवळजवळ हसऱ्या चेहऱ्याने आला होता. मसील खानने त्याच्याकडे न बघता लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली. आवाज चांगला लागला. आज सकाळी या प्रकरणाशी संबंधित व्यक्तीने रस्त्यात गाठण्याचा प्रयत्न केल्यामुळे, न्याय नुसता करून भागत नाही, तो निर्लेपपणे केलेला दिसावाही लागतो हे लक्षात घेऊन, मी या प्रकरणातून बाजूला होत आहे. अपील दुसऱ्या खंडपीठापुढे नव्याने सुनावणीसाठी ठेवावे.

दालनात एक कुजबुज उठली आणि ती कौतुकाची होती. मागे उभा असलेला एक पिकल्या केसांचा वकील शेजाऱ्याला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, “याला म्हणतात जज.” मयताच्या भावाने हात छातीवर ठेवून मान झुकवली. मसील खानला बरं वाटलं. सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी उतरलं आणि श्वास मोकळा झाला, एखादा ताप उतरावा तसा. मुर्तजाच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र कुठे ठेवावं हे त्याला कळेनासं झालं होतं.

“मायलॉर्ड, माझी एकच विनंती आहे, गुणदोषांवर जे मत…”

“बसा, वकीलसाहेब.”

मुर्तजा बसला. कमर छताच्या पंख्याकडे बघत होते.

पुढची प्रकरणं सुरळीत झाली. मधल्या सुट्टीत मसील खानने कालचा मसुदा फाडून टाकायला लघुलेखकाकडे दिला आणि संगणकातूनही काढून टाकायला सांगितलं. लघुलेखकाने तो वाचलेला होता, टाइपच त्याने केला होता. तो “जी” म्हणाला फक्त. बारचे अध्यक्ष येऊन हात हातात घेऊन गेले. दुपारी मसील खानने कोचावर डोळे मिटले आणि अदेचा चेहरा आठवून बघितला. हल्ली तो आठवत नसे. आजही नाक आठवलं, हनुवटीवरचं हिरवं गोंदण आठवलं, पण सगळं जुळून चेहरा होईना. गल्लीतलं ऊन तेवढं दिसत राहिलं आणि भिंतीकडे वळलेल्या माना. त्यांच्यात एक मान आपली असल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने डोळे उघडले.

संध्याकाळी तो मागच्या पोर्चमधून निघाला. गाडी लागलेली होती. इख्तियार दार उघडून उभा होता आणि त्याच्यापाशी, जमादाराची खाकी शाल डोक्यावरून घेतलेली, मरजाना उभी होती. पोलिसांनी तिला आत कसं येऊ दिलं, हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्यांनीच आणली असणार, चहा पाजून. मसील खान थबकला. तिने त्याचा हात धरून डोळ्यांना लावला. तिचे हात कोरडे आणि गरम होते.

“अल्ला तुला सुखी ठेवो, लेकरा,” ती म्हणाली. “मी सकाळी तुला वाईट बोलले. रस्त्यात बसून तुला, तुझ्या मुलाबाळांना शिव्याशाप दिले. मला काय ठाऊक, गाडी तू नव्हतास चालवत. तू माझी लाज राखलीस.”

“कुणी सांगितलं तुला?”

“ही सगळी पोरं सांगतायत. तू म्हणालास, या बाईनं चादर टाकली, आता माझ्या हातानं हिच्या पोराला फाशी द्यायची नाही. म्हणून दुसऱ्याकडे दिलंस.” ती रडत नव्हती. खूप दिवसांनी पोटभर जेवल्यासारखा तिचा चेहरा दिसत होता. “वकील काहीच बोलेना. तोंड पाडून बसलाय. लहान आहे, त्याला आपल्या रीती कुठल्या कळायला.”

सांगायला हवं होतं. एक वाक्य होतं, साधं, तिला कळण्यासारखं: आई, तुझं पोरगं आज सुटणार होतं. ते वाक्य मसील खानच्या तोंडाशी आलं, अगदी जिभेवर आलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघताना ते त्याला गिळावं लागलं. की आणखी कशामुळे गिळलं, कुणास ठाऊक.

“घरी जा, अदे,” तो म्हणाला. किती वर्षांत हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला नव्हता.

“जाते. एक सांग. तो दुसरा साहेबही तुझ्यासारखाच आहे ना?”

“हो,” मसील खान म्हणाला.

“कुठं राहतो तो?”

मसील खान गाडीत बसला. त्याने काच वर केली नाही. बाहेर इख्तियार तिला हळू आवाजात, नीट, पुन्हा पुन्हा समजावून सांगत होता, झाहिदुल्लांचा बंगला कोणत्या रस्त्याला, फाटक कोणत्या बाजूला, सकाळी गाडी कधी निघते, आणि ती वळणावर कुठे मंदावते. म्हातारी मान डोलवत होती. मसील खान ते सगळं ऐकत बसला. त्याने इख्तियारला थांबवलं नाही.